जव आले, साखळी सुटली!

ए दोस्ता, आज पोळ्यांच्या वेळी स्वयंपाकघरात घूस आणि कणकेचा लिंबाएवढा गोळा मागून घे. वाटीभर पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू चोळ. पाणी पांढरं झालं? ओत, नवं घे, पुन्हा चोळ. शेवटी हातात काय उरेल, ओळख पाहू!

ताणलं की लांबणारं चिकट रबर! पांढरं वाहून गेलं ते स्टार्च. उरलं ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन. इटलीतल्या बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने १७२८ साली असंच पीठ धुऊन ते जगाला दाखवलं!

शाळेच्या मैदानावर साखळीची पकडापकडी खेळता ना? ग्लुटेनचे कण तस्सेच हात धरून उभे राहतात. त्यांच्या कड्यात वाफ अडकते आणि फुलका टम्म फुगतो.

आता या खेळात जव घ्यायचे. हिंजवडीच्या आसपास, आपल्या मुळशीत, पिकतो भात. जव येतात राजस्थानकडून. पण दुकानातल्या मल्टिग्रेन आट्याच्या पाकिटांवर त्यांचं नाव कधीकधी सापडतं, शोध!

जवातही प्रथिनं असतात, पण हात धरण्यात एकदम कच्ची! त्यात जवातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू भलताच तहानलेला. मैदानावरच्या सगळ्यांच्या बाटल्या हाच रिकाम्या करतो! आणि पाणी मिळाल्याशिवाय गव्हाच्या गड्यांना हातच धरता येत नाहीत. मग पोळीच्या कडा चिरतात, पाव बसका होतो. अर्धे गहू, अर्धे जव असा गोळा धुऊन बघ, रबर किती कमी उरतं ते!

खरी गंमत पुढेच आहे. दळण्याआधी जवांचं काय केलं, त्यावर कणीक बदलते!

जव भाजले, तर त्यांचं स्टार्च आणखी पाणी पितं. कणीक घट्ट होते. जास्त पाणी घाला, झाकून ठेवा, मग लाटा.

आणि मोड आणले तर? अगदी उलटं! दाणा जागा होतो आणि विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. ती स्टार्च तोडून त्याची माल्टोज नावाची साखर करतात. असं पीठ जास्त पडलं की कणीक सैल, चिकट, हाताला लागणारी! पण चिमूटभरच घातलं, तर यीस्टला खाऊ मिळतो आणि पाव छान तांबूस भाजला जातो.

मोड आणून वाळवलेल्या या जवांनाच माल्ट म्हणतात. हो, दुधात घालायच्या पावडरीतला तोच! त्याची मूळ गोडी दाण्याने स्वतः केलेली. डब्यात वरून ओतलेली साखर वेगळी, आणि ती बरीच असते हं!