हातचा नसलेली बेरीज

गेली बावीस वर्षं मी तंत्रनिकेतनात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आहे. अभ्यासक्रमात असो वा नसो, दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून एक सर्किट मी ब्रेडबोर्डवर जोडून घेतेच. ७४७४ च्या दोन आयसी, ७४८६ ची एक, तीन एलईडी आणि क्लॉकसाठी एक बटण. चार बिटांचा निरोप एकेक बिट करून आत सोडायचा. चौथ्या क्लॉकला तीन एलईडींवर ताळ्याची तीन बिटं उभी राहतात. १००१ दिलं की ११० येतं. ते निरोपाच्या मागे जोडून १००१११० पाठवायचं. वाटेत या सातांपैकी कुठलंही एक बिट उलटलं, तरी नेमकं कुठलं ते घेणाऱ्याला कळतं आणि तो ते सरळ करून घेतो.

ताळा हा शब्द माझ्या आजोबांचा. त्यांचं किराणा दुकान होतं आणि रात्री वहीतल्या बेरजांचा ते नवाचा ताळा पाहत. ४७३१ असेल तर चार, सात, तीन नि एक मिळून पंधरा. एक नि पाच सहा. हे सहा म्हणजे ४७३१ ला नवाने भागून उरणारी बाकी. ताळा चुकला की कुठेतरी घोळ आहे एवढंच कळे; तो शोधायला पुन्हा सगळी वही. आमचं सर्किटही बाकीच काढतं, फक्त नवाऐवजी १०११ या द्विमान आकड्याने भागतं. घेणारा आलेल्या सात बिटांना पुन्हा त्यानेच भागतो. शून्य उरलं तर ठीक. काही उरलं, तर ती बाकीच चुकीची जागा सांगते. तीन बिटांत शून्य सोडून सात बाक्या मावतात, आणि जागाही सातच. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या संकेताचं हे एक रूप.

मुलं दर वर्षी विचारतात, “मॅडम, भागाकाराला एवढंसं सर्किट कसं पुरतं?” पुरतं, कारण या गणितात हातचा नाही. एक अधिक एक शून्य, आणि विषय संपला. शाळेतल्या बेरजेत डावीकडचं घर उजवीकडच्या हातच्याची वाट पाहत बसतं. सर्किटमध्ये त्या वाट पाहण्याला वेळ लागतो आणि गेटं लागतात. इथे प्रत्येक घर आपापलं. वजाबाकीही तीच, बेरीजही तीच, आणि दोन्हींना एक एक्स-ऑर गेट पुरतं. मग भागाकार म्हणजे एकेक बिट धरून ठेवणाऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या रांगेतून बिटं एकेक घर सरकवायची, आणि टोकाशी एक निघाला की ठरलेल्या घरांत तो मिसळायचा.

   

या काटकसरीचं मोल मला व्हॉयेजरमुळे कळलं. १९७७ साली निघालेल्या या यानाचा ट्रान्समीटर साधारण तेवीस वॉटांचा. वीज मोजकी, वजन मोजकं, आणि बिघडलं तर कुणी पाना घेऊन जाणार नाही. म्हणून यानावर फक्त ताळा जोडायचा आणि चुका शोधण्याचं भारी काम पृथ्वीवर, ६४ मीटरच्या अँटेनांमागच्या संगणकांनी करायचं. शनीपर्यंत चित्रांसाठी गोले संकेत होता. त्यात माहितीच्या प्रत्येक बिटामागे ताळ्याचं एक बिट जाई. १९८६ साली व्हॉयेजर-२ युरेनसपाशी पोचलं तेव्हा रीड-सॉलोमन संकेत वापरात आला: माहितीच्या २२३ बाइटांमागे ताळ्याचे फक्त ३२, आणि त्यातून सोळा बिघडलेले बाइट दुरुस्त होतात.

पण इथे रांगेच्या प्रत्येक घरात एका बिटाऐवजी अख्खा बाइट. दर फेरीला एका बाइटाला बत्तीस वेगवेगळ्या गुणकांनी गुणायचं, आणि गुणाकार सर्किटमध्ये महाग. १९८२ साली एल्विन बर्लेकॅम्प यांनी यावर जी युक्ती मांडली, ती शिकवताना मला अजूनही आनंद होतो. भाजक त्यांनी ‘नवजीवन’ या शब्दासारखा निवडला, दोन्ही बाजूंनी वाचला तरी तोच. त्यामुळे गुणक जोडीजोडीने सारखे येतात आणि निम्मं काम वाचतं. शिवाय बाइट त्यांनी वेगळ्याच पायावर लिहिला, असा की सगळे गुणाकार एकाच वेळी, एकेक बिट करत, नुसत्या एक्स-ऑर गेटांतून बाहेर पडतात. गुणाकाराचं वेगळं यंत्रच उरलं नाही. अंतराळयानांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने पुढे हीच मांडणी घेतली.

उपग्रह टीव्हीच्या डीव्हीबी-एस-२ मानकातला संकेत तर ६४,८०० बिटांचा. त्यातली निम्मी बिटं ताळ्याची धरली आणि प्रत्येक बिटाचा हिशेब कोष्टकात मांडायचा म्हटलं, तर ३२,४०० गुणिले ३२,४००, म्हणजे जवळजवळ १०५ कोटी घरं. म्हणून संकेत रचतानाच पाठवणाऱ्याची सोय पाहिली गेली. माहितीची थोडी बिटं ठरल्या जागी मिसळायची, आणि मग पायरीपायरीने जायचं: ताळ्याचं प्रत्येक नवं बिट आदल्या बिटात मिसळून घ्यायचं. या जिन्याला लागतं एक एक्स-ऑर गेट आणि एक फ्लिप-फ्लॉप.

आमच्या दोन ७४७४ मध्ये मिळून चार फ्लिप-फ्लॉप असतात आणि सर्किटाला तीनच लागतात. ७४८६ मधली दोन गेटंही मोकळीच. या जूनपासून त्या चौथ्या फ्लिप-फ्लॉपवर मुलांकडून जिना जोडून घेणार आहे.