पंचावन्न पैसे रोज

सकाळी ६

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५. बीड नगर परिषदेचं मतदान २ डिसेंबरला, मधे उरलेत तीन दिवस. मी इथल्या एका छोट्या दैनिकात शहराचं पान बघतो आणि पहिल्या पानावर रोज चार ओळींची वात्रटिका लिहितो. पगार पानाचा मिळतो, ओळख मात्र त्या चार ओळींमुळे आहे.

बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर पेपर आला की आधी खालचा उजवा कोपरा उलगडला जातो. आजची वात्रटिका एका रिक्षावाल्या दादांनी मोठ्यानं वाचली:

हिशेबाच्या वहीमध्ये
चहा, खुर्च्या, हार होते;
वही मिटली, तरी मागे
खोके उरले चार होते.

बाकड्यावरची माणसं हसली. ‘खोके’ म्हणजे कोटी रुपये, हे २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. विधिमंडळाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके’ची घोषणा झाली आणि महिन्याभरात बैलपोळ्याच्या बैलांच्या पाठीवरही ती रंगवलेली दिसली. कोट्यवधींच्या प्रचारानं जे झालं नसतं, ते एका फुकटच्या घोषणेनं केलं. पैशाच्या राजकारणाला भिडणारं एवढं स्वस्त हत्यार दुसरं नाही, आणि मी हे काम मनापासून करतो ते याचसाठी.

सकाळी ८.३०

माळीवेस, सुभाष रोड, बशीरगंज, मग बार्शी नाका. दुचाकीवरून फेरी मारतो, कारण शहराचं पान कार्यालयात बसून होत नाही. फ्लेक्सवर फ्लेक्स. अहिल्यानगर-बीड रेल्वे १७ सप्टेंबरला सुरू झाली आणि तिचं श्रेय घेणारे चेहरे डब्यांपेक्षा जास्त झाले. खालच्या गल्लीत मात्र बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. नळाला पाणी कधी येईल हे कुठल्याच फ्लेक्सवर नाही.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा असल्यामुळे एकेका उमेदवाराला सगळं शहर पालथं घालावं लागतं. ही पद्धत २०१६ ला आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला परत आली. तत्त्व म्हणून मला ती पटते, कारण नगरसेवक सहलीला पळवून नेऊन नगराध्यक्ष ठरवण्यापेक्षा लोकांनी ठरवलेला बरा. पण वॉर्डाची निवडणूक पायी फिरून लढता येते, सगळ्या शहराची येत नाही. गाड्या लागतात, पोरं लागतात, पोरांना जेवण लागतं. ‘अ’ वर्ग नगर परिषदेच्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला राज्य निवडणूक आयोगानं १५ लाखांची मर्यादा दिली आहे, नगरसेवकाला ५ लाखांची.

एका कोपरासभेत खर्चाच्या पथकातले कर्मचारी मोबाईलवर चित्रीकरण करत होते. मंडप, खुर्च्या, हलगीवाले, स्पीकर सगळं टिपायचं, दरसूचीप्रमाणे त्याची किंमत लावायची आणि उमेदवारानं दिलेल्या हिशेबाशी ताडून बघायची. खुर्च्यांची एकेक रांग बोटानं मोजणारा तो कर्मचारी मला फार प्रामाणिक वाटला. त्याच्या नोंदीत पाण्याचा जारसुद्धा सुटत नाही. पण जे रात्री वाटलं जातं त्याला दरसूची नाही, आणि जे कॅमेऱ्यासमोर घडत नाही ते त्याच्या वहीत उतरत नाही. हिशेब खोटा नसतो, अपुरा असतो. आजच्या चार ओळी कालच्या अशाच एका सभेवरून सुचल्या होत्या.

सकाळी १०.३०

कार्यालयात जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे. पलीकडलं सगळं ऐकू येतं. “काका, पूर्ण प्रचाराचं पॅकेज किती?” “रोज फोटो येणार का?” “बातमीवर ‘जाहिरात’ लिहू नका राव, तेवढं बघा.”

हा शेवटचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. २००९ च्या विधानसभेला नांदेडमध्ये अशोक चव्हाणांच्या स्तुतीचा तोच मजकूर वेगवेगळ्या मोठ्या दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पी. साईनाथांनी ते उघड केलं, प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, जुलै २०१४ मध्ये आयोगानं चव्हाणांना नोटीस दिली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर तालुक्याच्या वार्ताहरालाही पाठ झाला. आमच्याकडे निवडणुकीची जाहिरात चौकटीत आणि ‘जाहिरात’ असं लिहूनच जाते. छोट्या पेपराला वर्षभराचा कागद आणि पगार या महिन्यात काढायचा असतो, त्यामुळे असं वागणं महागात पडतं. मालकांनी ते धरून ठेवलंय, याचा मला अभिमान आहे.

दुपारी १

डबा खाताना जुनी कात्रणं चाळतो. संदर्भ पक्का असला तरच टोमणा बसतो.

बीडचं कात्रण वेगळंच जड आहे. २७ जून २०१३ ला मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे बोलून गेले की, २००९ च्या लोकसभेला आपला खर्च ८ कोटी झाला. तेव्हा ते इथलेच खासदार. मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली. गंमत ही, की त्यांनी जे सांगितलं त्याचं बीडमध्ये कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते सांगितल्याचं. मला ते वाक्य आजवर दाखल झालेल्या कित्येक हिशेबांपेक्षा खरं वाटतं, आणि त्यावर देशानं गंभीरपणे बोलायला हवं होतं. चर्चा झाली ती ‘साहेब असं का बोलले’ एवढीच.

याच जिल्ह्यानं १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना खासदार केलं होतं. प्रतिसरकारचा माणूस, सांगलीकडचा, कम्युनिस्ट पक्षाचा. इथं ना गोत, ना कारखाना. दहा वर्षांनी मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. तेव्हाचं राजकारण सोवळं होतं असं मी म्हणणार नाही, पण पैसा नसलेला माणूस इथून दिल्लीला जाऊ शकत होता.

आणखी दोन कात्रणं शेजारी लावून ठेवलीत. ऑक्टोबर २०१४, निलंगा: नितीन गडकरी भर सभेत लक्ष्मीदर्शनाच्या गोष्टी करतात. डिसेंबर २०१६, पैठण, नगर परिषदेचाच प्रचार: तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे मतदानाच्या आदल्या रात्री घरी येणाऱ्या लक्ष्मीला परत पाठवू नका, असं सांगतात. दोघांनाही आयोगाच्या नोटिसा गेल्या. मला नोटिशीपेक्षा मोठी गोष्ट दिसते ती अशा बोलण्यावर पिकणारा हशा. एकदा सभा हसली की लाच हा गुन्हा राहत नाही, प्रसाद होतो. देणारा आणि घेणारा दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते असं भारतीय न्याय संहिता सांगते, पण हसून झालेल्या माणसाला कायदा आठवत नाही. सत्तेच्या माणसाचा विनोद पैशाला असा पचवून टाकतो. वात्रटिकेनं तोच विनोद उलटा फिरवून तो पैसा घशात अडकवायचा असतो.

आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेली मुलगी म्हणाली, “सर, अमेरिकेत एकानं हेच केलं होतं.” तिनं स्टीफन कोलबेअरचं काम दाखवलं. कंपन्यांनी निवडणुकीत हवा तेवढा खर्च करायला २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोकळीक दिली, तेव्हा या विनोदवीरानं पुढच्या वर्षी खरोखरची निधी-संस्था नोंदवली, निवडणूक आयोगापुढं जाऊन परवानगी मिळवली, प्रेक्षकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त गोळा केले आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या धामधुमीत कायद्यातली एकेक पळवाट वापरून दाखवली. आपल्याकडे निवडणूक रोखे २०१८ ते २०२४ चालले आणि सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला ते घटनाबाह्य ठरवले. त्या सहा वर्षांत आम्ही मराठी विनोदवाल्यांनी त्या रोख्यांचा कागद लोकांपुढं असा उलगडून दाखवायला हवा होता. ती मुलगी आता शहराच्या हिशेबावर मालिका करू म्हणतेय. करू.

दुपारी ३.३०

पेठ बीडकडे एका प्रचारगाडीवर सोंगी भारूड लावलंय. गळ्यात कवड्यांची माळ घातलेला माणूस विरोधी उमेदवाराची नक्कल करतो. आवाज खणखणीत, वेळेचं भान अचूक. खाली उतरल्यावर पाणी पिता पिता बोलला, “सर, चार दिवस ह्यांचे, परवा त्यांच्याकडं होतो. कला आपली, नाव त्यांचं.” त्याला मी दोष देत नाही. जत्रा संपल्यावर त्याची चूल या महिन्यावर पेटते.

पण इथंच पैशाची खरी ताकद कळते. पैसा हशासुद्धा विकत घेतो. पलीकडच्या गाळ्यात दोन पोरं रील बनवतात. दिवंगत पुढाऱ्याचा आवाज यंत्रानं तयार करून त्याच्या तोंडी हवं ते घालून देतात. विकतचा हशा ओळखायचा कसा? तो फक्त समोरच्यावर असतो. तो माणसाच्या कामापेक्षा त्याच्या अंगावर, जातीवर, घरातल्या बायकांवर लवकर घसरतो. २०२४ च्या लोकसभेला बीडचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला. त्या काळात मोबाईलवर जे फिरलं त्यानं कित्येक गावांत शेजाऱ्यांचं बोलणं तुटलं. मराठा आणि ओबीसी पोरं एकमेकांच्या दुकानात जाईनात. ते कुणी विनोद म्हणून पाठवलं होतं. एकनाथांनी पैठणला भारुडं रचली ती जोहार घालणाऱ्याच्या, जोगवा मागणाऱ्याच्या तोंडून बोलत. त्यांनी अंगावर घेतलेलं सोंग खालच्या माणसाचं होतं आणि टोमणा वर जात होता. ही दिशा सुटली की उरते ती टवाळी.

सायंकाळी ६

आज महात्मा फुल्यांची पुण्यतिथी. कार्यक्रमांच्या बातम्या लावून झाल्या. त्यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलसे निघाले, पुढे आंबेडकरी जलसे निघाले. गावच्या वेशीत, डफावर, सावकाराचं आणि भटजीचं नाव घेऊन माणसं हसवली गेली. मार खाऊनही. आज फुल्यांना चार ओळी वाहायच्या तर त्या कामाच्या असल्या पाहिजेत.

विषय ठरला: मताचा भाव. गल्लीत आकडा काहीही चालू असो, मी हजार धरले, भागाकाराला सोपे. पाच वर्षांचे दिवस १,८२६. रोजचे झाले साधारण पंचावन्न पैसे. शेवटच्या ओळीचे दोन पर्याय कागदावर आहेत. एक मतदाराला सुनावतो: ‘भाऊ, जरा हिशेब वाच.’ दुसरा देणाऱ्याकडे बोट करतो. मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंनी दोन्ही वाचले आणि चष्मा काढून म्हणाल्या, “ऊसतोडीला गेलेल्या बाईला उसाच्या फडातून गाडी करून मतदानाला आणतात. तिनं हजार घेतले म्हणून तिला हसायचं?” ऊसतोडीला दरसाल लाखो माणसं जाणाऱ्या जिल्ह्यात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. दुसरा पर्याय ठरला:

हजार दिले एका रात्री,
वर्षं मोजून नेली पाच;
पंचावन्न पैसे रोजी—
साहेब, फारच स्वस्त लाच!

आता बोलणारी ती बाई आहे, आणि ऐकून घेणारे साहेब.

रात्री ९

पान सुटायची वेळ. संपादक खुर्ची ओढून बसले. “‘साहेब’ शब्द काढता येईल का?” असं विचारलं त्यांनी, आणि विचारण्यामागची काळजी खोटी नव्हती. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारून टाकलं गेलं. मागे पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा होता. ते फोटो राज्यानं पाहिले. आम्ही ते टेबलावर पाहिले, छापायचे की नाही यावर बोलताना कुणाचा आवाज लागत नव्हता. तेव्हापासून या जिल्ह्यात लिहिणारा प्रत्येक माणूस शब्द दोनदा मोजतो. पन्नास खोक्यांवर रॅप करणाऱ्या संभाजीनगरच्या राज मुंगासेवर २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला. या मार्चमध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या गाण्यावरून मुंबईतलं सभागृह फोडलं गेलं. पैसा विकत घेऊ शकला नाही की धाक पुढं येतो. दोन्ही एकाच घरात वाढतात, हे बीडइतकं स्पष्ट क्वचित कुठं दिसलं असेल.

मी म्हटलं, “सर, कुणाचं नाव नाही, गाव नाही, जात नाही. ‘साहेब’ काढलं तर ती बाई कुणाशीच बोलत नाही.” त्यांनी दोनदा वाचलं, पेन खिशाला लावलं आणि “जाऊ द्या” म्हणाले. पाटोद्याचे सूर्यकांत डोळसे वर्षानुवर्षं रोज वात्रटिका लिहीत आलेत. एका तालुक्याच्या गावी बसून हे चालू ठेवता येतं, हा आम्हा सगळ्यांना आधार आहे.

रात्री ११

एका उमेदवाराच्या माणसाचा फोन. “सर, समोरच्यावर एक खणखणीत टाका. काय ते समजून घेऊ.” मी सांगितलं, जाहिरातीचा दर सकाळी साडेदहानंतर मिळेल, वात्रटिकेला दर नाही, आणि ती तुमच्यावरही येईल. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “आमच्यावर आली तर आधी कळवा बरं का.” कळवणार नाही.

दुसरा फोन बशीरगंजजवळच्या एका भाजीवाल्या मावशींचा. सकाळची वात्रटिका त्यांच्या नातवानं वाचून दाखवली होती. “खोक्याचं झ्याक झालं, पण आमच्या नळाचं कधी लिव्हता? पंधरा दिस झाले, थेंब नाही. मत मागायला मातर रोज येत्यात.” मी पाणी शेवटचं कोणत्या तारखेला आलं, किती वेळ टिकलं, टँकरला किती दिले ते विचारून घेतलं. तारीख त्यांना तोंडपाठ होती. उद्या सकाळी नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात जाऊन वेळापत्रक मागायचं, मग शहराच्या पानावर बातमी आणि कोपऱ्यात नळ.