बिननांगरटीचें भात आणि तणाचा बंदोबस्त

जव्हार व मोखाडा हे तालुके २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्ह्यांत आले. त्याच्या आधीं व नंतरही पैसेवारीच्या कामीं आम्ही तेथील पुष्कळ खाचरें पायीं हिंडलों. तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, नांगरट व चिखलणी यांनीं नुसती माती मऊ होत नाहीं. तीच पिकाची पहिली बेणणी होय. चिखलणींत उगवलेलें तण गाडलें जातें, आणि उभ्या पाण्यांत नवें तण सहसा डोकें काढीत नाहीं. म्हणून ज्यास नांगर ठेवावयाचा असेल, त्यानें तणाचा बंदोबस्त आधीं योजिला पाहिजे.

रायगड जिल्ह्यांतील नेरळचे श्री. शेखर भडसावळे यांनीं 'सगुणा राइस तंत्र' या नांवानें बिननांगरटीची रीत प्रचारांत आणिली आहे. तींत गादीवाफे एकदांच करून वर्षानुवर्षें राखतात, लोखंडी साच्यानें २५ सेंटिमीटर अंतरावर भोंकें पाडून बीं टोकतात, आणि कापणीनंतर धसकटें मुळांसह जागींच कुजूं देतात. चिखलणी नाहीं, लावणीही नाहीं. तणासाठीं मात्र तणनाशकाचा आधार घेतात.

ज्यास तणनाशक परवडत नाहीं किंवा नको आहे, त्यास आमच्या राबाचाच पाला उपयोगी पडेल. ऐनाच्या फांद्या, पाचोळा व शेण पसरून आपण राब भाजतों. त्या आंचेनें तणाचें बीं मरतें. भात टोकल्यास रोपें करावीं लागत नाहींत, म्हणून राबही भाजावा लागत नाहीं. तोच पाला न जाळतां ओळींमधून अंथरावा. पेंढा मात्र गुरांच्या तोंडचा काढूं नये. आच्छादनाखालीं उजेड न मिळाल्यानें पुष्कळसें बारीक बीं रुजत नाहीं, माती न उलथल्यानें खोल पडलेलें बीं तेथेंच राहतें, आणि उतारावरची माती पावसाच्या माऱ्यापासून वांचते.

तथापि तीन चुका टाळाव्या. पहिली आम्हींच केली. वाफे उघडे ठेवून भात टोकलें, तों आषाढ सरण्यापूर्वींच पाखडाचें गवत पिकाहून उंच झालें. बेणतां बेणतां घरचीं माणसें थकलीं आणि निम्मे वाफे सोडून द्यावे लागले. दुसरी चूक बीं धरलेलें गवत अंथरण्याची. ती तणाची पेरणीच समजावी. तिसरी भोंकांवर पाला दाटण्याची. त्यानें भातही गुदमरतें.

लव्हाळ्यास आच्छादन पुरत नाहीं. त्याच्या गांठी पेरणीपूर्वींच खणून काढाव्या. पेरणीनंतर १५ ते ४५ दिवसांचा काळ जोखमीचा. त्यांत दोन वेळां हातानें बेणावें, आणि उपटलेलें तण मुळें वर करून पसरावें, नाहीं तर पावसांत तें पुन्हां रुजतें. जेथें पेरणीच्या वेळीं पाणी तुंबतें, त्या खाचरांत ही रीत करूं नये, बीं कुजतें.

वर्षाचें धान्य एकदम पणास लावूं नये. यंदा दोन गुंठ्यांतच करून पाहावें, मजुरीचा व खर्चाचा हिशेब वहींत मांडावा, आणि मळणी झाल्यावर जुन्या रीतीच्या दोन गुंठ्यांशीं ताडून पाहून मग पुढील वर्षाचें ठरवावें.