कालच्या काँक्रीटचं पुरातत्त्व

इंग्लंडमध्ये शेताच्या बांधावर, कालव्याकाठी किंवा रेल्वेच्या पुलाशेजारी आजही काँक्रीटच्या बुटक्या, षटकोनी खोल्या दिसतात. या खोल्यांना तिथे ‘पिलबॉक्स’ म्हणतात. कुणी त्यात गवत भरलं, कुणी कोंबड्या ठेवल्या, अनेक तर पाडूनच टाकल्या गेल्या. १९९५ साली मात्र पुरातत्त्वज्ञांनी त्यांच्याकडे मोर्चा वळवला.

या बांधकामांना जन्म दिला तो भीतीने. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० च्या अखेरीस फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौजा कशाबशा माघारी आल्या. बरीचशी अवजड शस्त्रं फ्रान्समध्येच राहिली. जर्मन सैन्य आता इंग्लिश खाडी ओलांडणार, असं सर्वांनीच धरलं होतं. मायदेशातल्या फौजांचे प्रमुख जनरल आयर्नसाइड यांनी देशभर संरक्षणाच्या फळ्या आखल्या. युद्धखात्याने नमुना-आराखडे धाडले, गावोगावच्या ठेकेदारांनी कामं उरकली. त्या धावपळीत सुमारे २८ हजार पिलबॉक्स आणि तत्सम ठाणी उभी राहिल्याचा अंदाज आहे. जुलैत सूत्रं जनरल ब्रुक यांच्याकडे गेली. त्यांचा भर एका जागी रुतलेल्या ठाण्यांपेक्षा हलत्या फौजेवर होता. पुढे आक्रमण झालंच नाही.

आराखडे उपलब्ध असताना प्रत्यक्ष मोजमाप कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर भिंतीवरच आहे. काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले असतात. फळीची रुंदी, सांधे, कधी लाकडाच्या रेषाही वाचता येतात. लाकूड मिळेना तिथे ठेकेदाराने विटांची भिंत रचून तिच्या आत काँक्रीट ओतलं. म्हणजे आराखडा एक, पण हाताशी होतं त्या सामानाप्रमाणे बांधकाम वेगळं. आत शिरलं की अनेक ठिकाणी मधोमध इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची आडभिंत लागते: एका जंगीतून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या छिद्रातून, आत आलेली गोळी उसळून सगळ्यांना लागू नये म्हणून. या जंग्यांची तोंडं कुठे आहेत, हे होकायंत्राने टिपलं की शत्रू कोणत्या रस्त्याने येईल असं वाटत होतं, तेही कळतं. गडकोट हिंडणाऱ्यांना हा हिशेब वेगळा सांगायला नको.

अशा मोजमापासाठी १९९५ मध्ये सुरू झालेला ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ हा प्रकल्प २००२ पर्यंत चालला. काउन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजीच्या पुढाकाराने सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी जवळपास २० हजार स्थळं नोंदवली. ठिकाण, प्रकार, साहित्य, सद्यःस्थिती, छायाचित्र अशी नोंदीची पद्धत साधी होती. सुटे ठिपके नकाशावर आले की संरक्षणाच्या फळ्या उलगडतात. केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने गेलेली रांग पाहिली की कालवाच रणगाड्यांना अडवणारा खंदक म्हणून धरला होता, हे लक्षात येतं. काय जपायचं, कशाला संरक्षित दर्जा द्यायचा, हे ठरवायला अशीच नोंद लागते.

प्रत्येक इमारतीला सारखाच वेळ देता येत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये नोंदीच्या चार पायऱ्या ठरल्या आहेत. पहिल्या पायरीत बाहेरून पाहणी, फोटो आणि थोडक्यात वर्णन. चौथीत तपशीलवार नकाशे, कागदपत्रांचा धांडोळा आणि इमारतीच्या इतिहासाचं सविस्तर विश्लेषण.

आपल्याकडे १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला किमान शंभर वर्षं लागतात. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचं दिल्लीतलं प्रदर्शनगृह ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ चं, म्हणजे या अटीत न बसणारं. एप्रिल २०१७ मध्ये ते एका रात्रीत जमीनदोस्त झालं. गिरणगावातल्या कित्येक गिरण्यांच्या जागी टॉवर आले. सगळंच वाचवता येणार नाही, वाचवावं असंही नाही. पण पाडण्याआधी मोजून ठेवणं शक्य आहे, आणि पहिल्या पायरीला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. तुमची चाळ पुनर्विकासात जाणार असेल, तर चाव्या देण्यापूर्वी एक रविवार काढा. टेप लावा, खोल्यांचा नकाशा काढा, जिना, मोरी, गॅलरीचे फोटो तारखेसह घ्या, नंतर काय वाढवलं ते म्हाताऱ्यांना विचारून लिहा, आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या.