डिजिटल डिकोडर : तारा सात, खबरदारी एक

प्रतिकृती रेल्वेत एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने धावतात, ती डिकोडरमुळे. रुळांतून वीज आणि आज्ञा एकत्रच वाहतात. प्रत्येक डिकोडर केवळ आपल्या क्रमांकाची आज्ञा पाळतो. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकानुसार तांबडी व काळी तार रुळांकडून वीज घेते, नारिंगी व करडी मोटारीला, पांढरी पुढच्या, तर पिवळी मागच्या दिव्याला जाते. निळी ही दिव्यांची सामाईक धन तार.

मोटारीचा एखादा ब्रश सांगाड्यामार्फत रुळाशी जोडलेला राहिला, तर डिकोडर क्षणात जळू शकतो. म्हणून आधी मल्टिमीटरने खात्री करावी आणि पहिली चाचणी मर्यादित विद्युतप्रवाहाच्या प्रोग्रॅमिंग रुळावर घ्यावी. नव्या डिकोडरचा क्रमांक सहसा ३ असतो. तो न बदलल्यास दोन्ही इंजिने एकदमच धावू लागतील.