टिप, अंडं आणि कॉफी: अमेरिका आणि युरोप एकमेकांना नावं का ठेवतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. मधले "अं" आणि "म्हणजे" तेवढे काढलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

विषय सरळ आहे. युरोपियन लोकांना विचारा, ते म्हणतील अमेरिकन माणसं खोटं खोटं हसतात, मोठ्याने बोलतात आणि ऊठसूट कोर्टात जातात. अमेरिकनांना विचारा, ते म्हणतील युरोपियन लोक खडूस, चिक्कू, कामाचा कंटाळा असलेले, आणि वर तोरा. आयटीत दोन्हीकडचे क्लायंट सांभाळणाऱ्यांना हे काही नवीन नाही. "त्यांची टीम ऑगस्टमध्ये गायब" आणि "हे रविवारीपण मेल टाकतात", ही दोन्ही वाक्यं हिंजवडीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतील.

हे भांडण जुनं आहे बरं का. अठराव्या शतकात ब्यूफाँ नावाच्या मोठ्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने लिहिलं की अमेरिकेतल्या हवामानामुळे तिथले प्राणी युरोपपेक्षा लहान आणि दुबळे निपजतात. थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. त्यांनी १७८७ मध्ये चक्क एका भल्यामोठ्या मूसचा, म्हणजे तिकडच्या अवाढव्य हरणाचा, सांगाडा आणि कातडं जहाजाने मागवून ब्यूफाँकडे पोचवलं. "हे घ्या, बघा किती लहान आहे ते!"

तेव्हा दोष हवामानाला दिला जायचा, आता स्वभावाला देतात. माझं म्हणणं असं, की ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातला बराचसा भाग नियमांतून आणि पैशाच्या वाटेतून येतो. हे तपासायला एक नाश्त्याचं टेबल पुरेल. टेबलावर अंडं, कॉफी, आणि शेजारी उभा असलेला वेटर.

आधी अंडं. अमेरिकेत दुकानातली अंडी फ्रिजमध्ये असतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी ती साध्या फळीवर, ब्रेडच्या शेजारी. अमेरिकन पाहुणा म्हणतो, "शी, किती गलिच्छ!" युरोपियन म्हणतो, "अंडीसुद्धा फ्रिजमध्ये? यांना सगळ्याचीच भीती." आता आतली गोष्ट बघा. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतात. धुताना कवचावरचा नैसर्गिक पातळ थर निघून जातो, मग जंतू आत शिरू नयेत म्हणून ती थंड ठेवावीच लागतात. युरोपियन युनियनमध्ये 'ए' वर्गाची अंडी सहसा धुवायला परवानगीच नाही, कारण तो थर टिकवायचा असतो. शिवाय अनेक देशांत कोंबड्यांनाच साल्मोनेलाविरुद्ध लस देतात. दोघांचा शत्रू एकच, साल्मोनेला. एकाने बंदोबस्त कारखान्यात केला, दुसऱ्याने खुराड्यात. यात गलिच्छ कोणी नाही आणि भित्रंही कोणी नाही.

आता कॉफी. "अमेरिकेत कॉफी सांडली तरी लाखो डॉलर मिळतात" हा विनोद तुम्ही ऐकला असेल. खटला खरा आहे. १९९२ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात ७९ वर्षांच्या एका आजींच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली. कॉफीचं तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर. भाजणं इतकं खोल की आठ दिवस हॉस्पिटल आणि त्वचारोपण. आजींनी आधी २०,००० डॉलर मागितले होते, कंपनीने ८०० देऊ केले. १९९४ मध्ये ज्युरीने २७ लाख डॉलरचा दंड सांगितला तो पुढे न्यायाधीशांनी बराच कमी केला, आणि शेवटी बाहेर तडजोड झाली. अशाच भाजण्याच्या ७०० तक्रारी कंपनीकडे आधीच होत्या, हेही खटल्यात बाहेर आलं. विनोदात यातलं काहीच येत नाही.

पण मग युरोपात असे खटले एवढे का गाजत नाहीत? तिथली माणसं जास्त समजूतदार आहेत म्हणून? तिथे उपचाराचा मोठा खर्च सरकारी किंवा सक्तीच्या विम्यातून जातो, त्यामुळे जखमी माणसाला बिलासाठी कोणाच्या मागे लागावं लागत नाही. शिवाय युरोपच्या मुख्य भूमीवरच्या बहुतेक देशांत कंपनीला धडा शिकवणारी अशी जबरी भरपाई कायद्यात सहसा नसतेच. ढोबळमानाने, युरोप आधी नियम घालतो आणि अमेरिका नंतर कोर्टात हिशेब करते. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक "नियमांचा वेडा" वाटतो आणि दुसरा "भांडकुदळ".

आता राहिला वेटर, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्यानुसार तासाला २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर. मधली तूट टिपने भरायची, नाही भरली तर मालकाने द्यायची. म्हणजे वेटरचा पगार गिऱ्हाईक देतं. मग तो हसणार नाही तर काय करेल? फ्रान्समध्ये सर्व्हिसचे पैसे बिलातल्या किमतीतच धरलेले असतात. मग वेटर दर पाच मिनिटांनी येऊन "सगळं ठीक ना?" का विचारेल? एकाच टेबलावर "खोटारडं हसू", "खडूस वेटर" आणि "चिक्कू टुरिस्ट" हे तिन्ही शिक्के तयार झाले.

आणि आता गंमत. टिप ही मुळात युरोपातली पद्धत! अमेरिकन यादवी युद्धानंतर श्रीमंत प्रवाशांनी ती तिकडे नेली. तेव्हा अनेक अमेरिकनांना ती सरंजामी, लाचार आणि अमेरिकेला न शोभणारी वाटायची. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर कायद्याने बंदीसुद्धा घातली, मागोमाग आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. कारण मालकांना ही पद्धत सोयीची होती. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कामगारांना नगण्य पगारावर ठेवून उरलेलं टिपवर सोडता येत होतं. पुलमन कंपनीचे रेल्वेतले पोर्टर हे त्याचं ठळक उदाहरण. १९६६ मध्ये टिप पगारात धरायची सोय केंद्रीय कायद्यातच आली. शंभरेक वर्षांत "स्वभाव" पूर्ण उलटा झाला.

अर्थात, नियमाने सगळंच उलगडत नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत वेटरला टिपशिवाय पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, तरी तिथेही लोक टिप देतातच. म्हणजे नियमाची सवय होते, सवयीचा संस्कार होतो, आणि मग नियम नसला तरी संस्कार चालू राहतो. शिवाय नियम काही आकाशातून पडत नाहीत, लोकच निवडून दिलेल्या सरकारकडून ते करून घेतात, किंवा मुकाट चालू देतात.

म्हणूनच शिक्का मारण्यात खरं नुकसान आहे. "अमेरिकन लोकांना टिप द्यायला आवडतं" असं म्हटलं की २.१३ डॉलर इतकी वर्षं का अडकलेत, हा प्रश्नच संपतो. "युरोपियन आळशी" म्हटलं की तिथल्या कायद्यात किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात एका दिवसाचीही सक्ती नाही, हे दिसतच नाही. ऑगस्टमधली ती गायब टीम आपली हक्काची रजा घेत असते, आणि रविवारी मेल टाकणाऱ्याला बहुतेक वेळा कारण न देता काढून टाकता येतं.

तर मंडळी, पुढच्या कॉलनंतर कोणी "ही माणसंच तशी" म्हणालं, तर तीन गोष्टी विचारून बघा. तिथला नियम काय आहे? पैसे कोण भरतं? आणि शंभर वर्षांपूर्वीही असंच होतं का? एवढं विचारूनही जे उरेल, त्याला खुशाल स्वभाव म्हणा. भेटू पुढच्या भागात!