तारखेआधी मेलेले हूक

पाऊस ओसरला की तारापूर एमआयडीसीत शेडचे पत्रे बदलायची कामं निघतात आणि माझ्या टेबलावर हार्नेसचा ढीग येतो. कामगारांच्या तोंडी हार्नेस नाही, 'बेल्ट'. खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारे पट्टे, पाठीवर डी-रिंग, तिला जोडलेला दोर म्हणजे लॅनयार्ड, त्याच्या टोकाला पाइपाला अडकवायचा मोठा हूक. पत्रा फुटून माणूस खाली गेला तर त्याला धरायला एवढंच.

तपासणारे बहुतेक जण पट्ट्यापासून सुरुवात करतात. पट्टा बोटांवर उलटा वाकवायचा, तुटके धागे, उसवलेली शिलाई, वेल्डिंगच्या ठिणगीची भोकं शोधायची. ते हवंच. पण इथे मी आधी लोखंडाकडे जातो. एकीकडे चिंचणीचा खारा वारा, दुसरीकडे तार ओढणाऱ्या कारखान्यांतल्या पिकलिंगच्या टाक्या. तिथे पोलाद ॲसिडात धुतात, आणि त्या टाक्यांवरच्या छतात लटकवलेला बेल्ट ती वाफ रोज पितो. पट्टा पॉलिस्टरचा असेल तर ॲसिडात बऱ्यापैकी टिकतो (नायलॉन नाही). हूक मात्र कागदावरच्या तारखेच्या कितीतरी आधी मरतो.

हुकावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं, म्हणून आधी पांढरी भुकटी धरते. तिला मी फारसा घाबरत नाही, पुसून वहीत नोंद करतो. तांबूस डाग दिसला की मात्र टॉर्च काढतो. बाहेरच्या वाकावरचा गंज सगळ्यांना दिसतो. खरा गंज असतो रिव्हेटच्या मुळाशी आणि गेटच्या, म्हणजे हुकाचं तोंड बंद करणाऱ्या पट्टीच्या, स्प्रिंगपाशी, जिथे पाणी शिरतं आणि वारा शिरत नाही.

तिथे डोळा पोचत नाही, म्हणून कान लावावा लागतो. गेट दहा वेळा उघडून सोडायचं. चांगला हूक दहाही वेळा तसाच 'टक्' वाजतो. स्प्रिंग मेली असेल तर सातव्या-आठव्या वेळी आवाज बसका येतो, गेट केसभर उघडं राहतं. हुकावर 22 किलोन्यूटन कोरलेलं असतं, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. पण तो आकडा गेट पूर्ण बंद असलेल्या हुकाचा. केसभर उघड्या गेटला तो लागू नाही. कारखान्यात मशीन चालू असताना हा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून मी ढीग जेवणाच्या सुट्टीत तपासतो.

डी-रिंगच्या आतल्या वाकावर नख फिरवतो. हूक घासून तिथे खाच पडते. मिलिमीटरभर खोल गेली की माझ्याकडून बाद. सुपरवायझर हमखास म्हणतो, "अहो, नवीनच तर आहे." नवीन आहे, खरंय. वर्षही झालेलं नसतं.

सगळ्यात जास्त भीती मला चकचकीत हुकाची वाटते. एका ठिकाणी ढिगातला एकच हूक असा लखलखत होता की आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, मुलामाच नाही. चौकशी केली तर हेल्पर कौतुकाने म्हणाला, "गंज आला होता दादा, टाकीत बुडवून काढला." त्याचा काय दोष? दिवसभर तो तारेच्या गुंडाळ्या तशाच स्वच्छ होताना बघतो. पण ॲसिडात पोलाद विरघळताना हायड्रोजन सुटतो आणि कडक पोलादात शिरला तर ते ठिसूळ करतो. वरून भेग दिसेलच असं नाही. तो हूक मी टक् ऐकण्याआधीच बाजूला ठेवला.

विमानातून उडी मारणाऱ्यांची सामग्री याच जातीची: पट्टे, बकल, कड्या. त्यांच्या खांद्यावर एकात एक ओवलेल्या तीन कड्या असतात. मुख्य पॅराशूट बिघडलं तर त्या सुटून ते मोकळं होतं. त्या कड्या अधूनमधून सोडवून पट्टा हाताने चोळायचा असतो, नाहीतर तो घडीतच ताठरतो. अमेरिकेत राखीव पॅराशूट दर 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं, आणि ते करणाऱ्याला म्हणतात रिगर. आमच्या इथे बोईसरमध्ये रिगर म्हणजे चेनब्लॉकने मोटर उचलणारा. त्याचा स्वतःचा बेल्ट बहुधा पाइपावर उन्हात लटकत असतो.

बाद केलेला बेल्ट नुसता बाजूला ठेवून भागत नाही. भंगारातून तो पुन्हा कुणाच्या तरी अंगावर चढतो. म्हणून पट्टे कात्रीने कापतो आणि हुकाचं गेट ग्राइंडरवर उडवतो. परवा त्याच हेल्परने विचारलं, "शेळी बांधायला तरी द्या की." गेट उडवलेला हूक त्याच्या हातात ठेवला. त्याने उलटासुलटा करून पाहिला, म्हणाला, "ह्यातून तर शेळी पण सुटंल," आणि परत टेबलावर ठेवला.